सोनं वितळलं, धुपाटणं उरलं

धुपाटणं जमिनीवर टेकवून ठेवलेलं आहे. एरवी ते साखळ्यांना लटकून हाताच्या झोक्याबरोबर पुढं-मागं हलत असतं. इथं ते स्थिर आहे आणि सैल सुटलेल्या साखळ्यांची वेटोळी झाली आहेत. झाकणावर गॉथिक चर्चच्या खिडक्यांना असते तशी जाळी, तिच्यावर वरवर निमुळता होत गेलेला नक्षीचा डोलारा, आणि खाली सगळा भार पेलणारा पायथा. आजूबाजूला पाद्री नाही, वेदी नाही, धूर नाही. जेमतेम २९ सेंटिमीटर उंच आणि २१ सेंटिमीटर रुंद कागदावर एवढी एकच वस्तू आहे. तळाशी एम आणि एस ही दोन अक्षरं आणि त्यांच्यामध्ये एक छोटा क्रूस.

गोव्यातल्या जुन्या चर्चमध्ये सणाच्या मिस्सेला गेलेल्या कोणालाही ही वस्तू ओळखीची वाटेल. मात्र हे धुपाटणं कोलमार गावातलं आहे. ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेला, आजच्या फ्रान्सच्या अल्सास भागात हे गाव आहे. तिथल्या मार्टिन शोनगाउअर ह्या चित्रकारानं १४८०च्या दशकात ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलं आणि कागदावर छापलं. युरोपातल्या धातुकामाच्या मुद्राचित्रांमध्ये इतकं नाव असलेलं दुसरं चित्र क्वचितच सापडेल.

पण शोनगाउअरच्या हातच्या पत्र्यावरून, पत्रा ताजा असताना निघालेला छाप जगात फार थोड्यांना पाहायला मिळतो. अशा चित्रांशी बहुतेकांची गाठ पडते ती नंतरच्या कोणीतरी कोरलेल्या प्रतीमुळे. ती प्रत कधी दहा-पंधरा वर्षांनी केलेली असते, कधी शंभर वर्षांनी, कधी चारशे. हातात आलेला कागद मूळ नाही हे कळलं की तो बाजूला टाकायची घाई होते. ही घाई चुकीची आहे. नंतरच्या प्रतीला स्वतःचा कारागीर असतो, स्वतःचं गाव आणि स्वतःचं गिऱ्हाईक असतं. आणि कित्येकदा मुळाबद्दल मुळापेक्षाही पक्की माहिती तीच देते.

कोरीव मुद्राचित्राचा जन्म सोनाराच्या दुकानात झाला, तेव्हा सुरुवातही तिथूनच करायला हवी. शोनगाउअरचे वडील कास्पार सोनार होते. ते आउग्सबुर्गहून कोलमारला येऊन स्थायिक झाले. मार्टिनच्या भावांपैकी लुडविग चित्रकार झाला आणि बाकीच्यांनी सोनारकी धरली. चांदीच्या पात्रावर अक्षरं नि वेलबुट्टी कोरायला सोनार जी चौकोनी पोलादी कोरणी वापरतो, तीच ह्या कलेचं मुख्य हत्यार. कोरणीचं टोक तिरकं घासलेलं असतं आणि लाकडी मूठ तळहातात बसते. ती पुढं ढकलली की तांब्याचा बारीक कीस वर येतो आणि मागं पन्हळीसारखा चर राहतो. वळणदार रेघ काढायची तर हात जागचा हलत नाही. वाळूच्या चामडी उशीवर ठेवलेला पत्राच फिरवला जातो. काम झालं की पत्र्यावर दाट शाई चोळतात आणि पृष्ठभाग स्वच्छ पुसून काढतात, म्हणजे शाई फक्त चरांमध्ये राहते. त्यावर ओलसर कागद ठेवून सगळं दोन रुळांमधून दाबून काढलं की कागद चरांत शिरतो आणि शाई उचलून घेतो.

चांदीवर कोरलेली नक्षी तपासण्यासाठी किंवा नमुना म्हणून जपून ठेवण्यासाठी सोनारांनी चरांत काजळी भरून कागद दाबून पाहिला असावा आणि त्यातूनच ही कला निघाली असावी, असं इतिहासकार मानतात. इटलीच्या वासारी ह्या चरित्रकारानं सोळाव्या शतकात ह्याचं श्रेय फ्लॉरेन्सच्या मासो फिनिग्वेर्रा ह्या सोनाराला देऊन टाकलं आणि साल दिलं १४६०च्या सुमाराचं. पण बर्लिनच्या संग्रहात ख्रिस्ताला फटके मारतानाचं एक जर्मन कोरीव चित्र आहे, त्यावर १४४६ साल स्वच्छ कोरलेलं आहे. म्हणजे आल्प्सच्या उत्तरेकडचे सोनार आधीपासूनच ह्या कामाला लागले होते.

धातूवर चालणारा हात छपाईकडे वळला, असं महाराष्ट्रातही एकदा घडलं आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी पुण्याच्या दरबारी चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. त्याच्या आणि नाना फडणवीसांच्या काळात पुण्याच्या एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर उलटी देवनागरी अक्षरं कोरायला शिकवलं गेलं. भगवद्गीता छापायची होती. नाना १८०० साली वारले, पुण्याचं वातावरण पालटलं आणि ते काम मिरजेला गेलं. तिथं गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. मराठी मुलखातल्या छपाईच्या इतिहासात अ. का. प्रियोळकरांनी ह्या गीतेची नोंद केली आहे. मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटणारा गंगाराम हाही तांबटच. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहेत. हंडे-कळशा घडवणाऱ्या पुण्याच्या तांबट आळीला कोलमारच्या सोनारांची खबर असण्याचं कारण नव्हतं. तरी धातूवर बसलेला हात दोन्हीकडे रेघेकडेच वळला.

शोनगाउअरनं कोरलेली ११६ चित्रं आज ओळखली जातात. प्रत्येकावर त्याची अक्षरं आहेत, साल मात्र एकाही चित्रावर नाही. फेब्रुवारी १४९१मध्ये ब्रायझाख इथं तो वारला. पुढच्याच वर्षी विशीतला एक मुलगा त्याला भेटायला म्हणून कोलमारला येऊन थडकला. शोनगाउअर गेल्याचं तिथं आल्यावर कळलं. शोनगाउअरच्या भावांनी त्याचा चांगला पाहुणचार केला. हा मुलगा म्हणजे न्युरेनबर्गच्या सोनाराचा मुलगा आल्ब्रेख्ट ड्यूरर. त्यानंही आधी वडिलांच्या हाताखाली सोनारकीच केली होती.

धुपाटण्यासारखं चित्र कोणासाठी कोरलं असेल? सोपं उत्तर असं, की सोनारांसाठी. गावोगावचे सोनार असा कागद विकत घेत आणि त्याबरहुकूम वस्तू घडवत. पण ह्या उत्तरात एक अडचण आहे. त्या काळच्या सोनारांची कामाची रेखाटनं बाझेलच्या कलासंग्रहालयात मोठ्या संख्येनं टिकून आहेत; आमेरबाख घराण्यानं ती जमवली होती. त्यांत वस्तू समोरून सपाट दाखवलेली असते आणि कित्येकदा जोडीला वरून दिसणारा आराखडाही असतो, कारण घडवणाऱ्याला मापं लागतात. शोनगाउअरच्या धुपाटण्यात आराखडा नाही, मापं नाहीत. वस्तू अशा कोनातून दिसते की तिचा गोलवा डोळ्यांत भरतो, आणि साखळ्या तर घडवणाऱ्याच्या काहीच उपयोगाच्या नाहीत. त्या पाहणाऱ्यासाठी आहेत. निव्वळ काळ्या रेघांनी चांदी दाखवता येते, हे दाखवून देण्याची हौस त्यांत आहे. सोनाराच्या घरातला मुलगा चित्रकार झाला आणि घरच्या धंद्यातली सर्वांत अवघड वस्तू त्यानं एक तोळाही चांदी न वापरता घडवली, असं हे चित्र वाचावंसं वाटतं.

त्या वस्तूचा आकारही उगाच चर्चसारखा नाही. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला थिओफिलस ह्या नावानं लिहिणाऱ्या एका जर्मन संन्याशानं कारागिरीवर लॅटिन ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात ठोकून आणि ओतून अशा दोन्ही रीतींनी धुपाटणं कसं करावं ते सविस्तर सांगितलं आहे. त्यातलं धुपाटणं म्हणजे तट, बुरूज आणि दरवाजे असलेलं स्वर्गातलं जेरूसलेम. आत निखारे, बाहेर नगरी, आणि खिडक्यांमधून निघणारा धूर म्हणजे वर जाणारी प्रार्थना. इंग्लंडमधल्या रॅम्सी मठाचं सोन्याचा मुलामा दिलेलं चांदीचं धुपाटणं साधारण १३२५चं आहे. तेही असंच एखाद्या गॉथिक सभागृहासारखं बांधलेलं आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ते पाहता येतं. ते वाचलं कसं, तर १८५०मध्ये व्हिटलसी नावाचं तळं आटवलं गेलं आणि गाळातून ते वर आलं.

बाकीची बहुतेक गेली. सोन्याचांदीच्या कलावस्तूचा वैरी तिच्या अंगातच असतो: ती वितळवता येते. लढाईचा खर्च, धर्माची उलथापालथ, राजाची पैशाची निकड किंवा नवी फॅशन, कशानंही तिचा शेवट होतो. आठव्या हेन्रीनं १५३६ ते १५४० ह्या काळात इंग्लंडमधले मठ बरखास्त केले, तेव्हा त्यांची चांदी राजाच्या खजिन्यात गेली. त्याच हेन्रीनं १५३६मध्ये जेन सीमोरशी लग्न केलं. त्या निमित्तानं धाकट्या हान्स होल्बाइननं एका सोन्याच्या चषकाची आकृती काढली होती. तो चषक पहिल्या चार्ल्सच्या काळात गहाण पडला आणि १६२९मध्ये वितळला. होल्बाइनची रेखाटनं मात्र ऑक्सफर्डच्या अॅशमोलियनमध्ये आणि ब्रिटिश म्युझियममध्ये आजही आहेत. कोलमारपासून फार लांब नसलेल्या बाझेलमध्ये १५२९च्या मूर्तिभंजनातून तिथल्या मुख्य चर्चचा खजिना बचावला. तीनशे वर्षं तो तळघरासारख्या खोलीत कडीकुलपात राहिला. मग १८३३मध्ये त्या प्रांताचे दोन तुकडे झाले, खजिन्याची वाटणी झाली आणि ग्रामीण भागाच्या वाट्याला आलेल्या वस्तू १८३६मध्ये लिलावात विकल्या गेल्या. त्यातली सोन्याची वेदीपट्टी आज पॅरिसच्या क्लुनी संग्रहालयात आहे.

ह्या पडझडीत कागद टिकला. कारण कागद वितळवून कोणाला काही मिळत नाही, आणि एका पत्र्यावरून निघालेले छाप एकाच वेळी शंभर गावांत पोचलेले असतात.

शंभर गावांत पोचलेलं चित्र नकलाकारांच्या हाती पडणारच. त्या काळी चित्रावर कोणाचा हक्क ही कल्पना जवळजवळ नव्हती, आणि मऊ तांब्यावरच्या बारीक रेघा काही शे छापांनंतर झिजून फिक्या पडत. मागणी असेल तर पुन्हा कोरणं भाग होतं. बोखोल्ट गावचा सोनार इस्राएल फान मेकेनेम ह्यात सर्वांत पुढं होता. १५०३ साली तो वारला तेव्हा त्याच्या नावावर सहाशेहून अधिक कोरीव चित्रं होती आणि त्यातली बहुतेक दुसऱ्यांच्या चित्रांवरून केलेली होती. शोनगाउअरची चित्रं त्यानं डझनावारी उतरवली. नुसत्या ई. एस. ह्या अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका आधीच्या उस्तादाचे झिजलेले पत्रेच त्यानं मिळवले, त्यांतल्या रेघा पुन्हा खोल केल्या आणि स्वतःचं नाव घातलं. त्याला नुसता चोर म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण ई. एस.ची काही चित्रं आज आपण पाहू शकतो ती मेकेनेमनं ते पत्रे भंगारात जाऊ दिले नाहीत म्हणून.

नंतरची प्रत मुळाबद्दल काय सांगू शकते ह्याचं सर्वांत चांगलं उदाहरण मोराव्हियातल्या ओल्म्युट्स गावचं आहे. हे गाव आज चेक देशात ओलोमोउत्स म्हणून ओळखलं जातं. तिथल्या वेन्त्सेल नावाच्या सोनारानं शोनगाउअरचं मेरीच्या मृत्यूचं चित्र हुबेहूब कोरलं आणि त्यावर आपलं नाव, गावाचं नाव आणि १४८१ हे साल घातलं. मूळ चित्रावर सालच नाही! म्हणजे शोनगाउअरचं ते चित्र १४८१च्या आत कोरलं गेलं असलं पाहिजे आणि तोवर कोलमारहून थेट मोराव्हियापर्यंत पोचलंही असलं पाहिजे, हे नकलेवरून ठरतं. शोनगाउअरच्या कामाचा कालक्रम लावताना अभ्यासक ह्या एका प्रतीचा आधार घेत आले आहेत.

ह्याच वेन्त्सेलनं पुढं एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांना चांगलंच गोंधळात टाकलं. त्याच्या पुष्कळ चित्रांवर फक्त डब्ल्यू हे अक्षर आहे, आणि त्यात तरुण ड्यूररच्या चित्रांसारखी हुबेहूब चित्रं आहेत. व्हिएन्नाचा विद्वान मोरित्स ताउझिंग ह्यानं १८७६च्या आपल्या ड्यूरर-चरित्रात असं मांडलं, की डब्ल्यू म्हणजे ड्यूररचा गुरू मिखाएल वोल्गेमुट. म्हणजे डब्ल्यूची चित्रं मूळ आणि ड्यूररची त्यांवरून केलेली. गुरूचं चित्र शिष्यानं उतरवलं हे कोणालाही पटण्यासारखं होतं. माक्स लेअर्स ह्या ड्रेस्डेनच्या अभ्यासकानं १८८९मध्ये ओल्म्युट्सच्या वेन्त्सेलवर स्वतंत्र ग्रंथ लिहून हा गुंता सोडवला. डब्ल्यू म्हणजे वेन्त्सेलच, आणि ती चित्रं नंतरच्या प्रती, हे त्यानं कागद समोरासमोर ठेवून दाखवलं.

समोरासमोर ठेवून नेमकं काय पाहतात? पहिली गोष्ट म्हणजे दिशा. पत्र्यावर जे उजवीकडे, ते छापात डावीकडे येतं. समोरच्या चित्राप्रमाणेच पत्र्यावर कोरत गेलं तर निघालेली प्रत आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी पडते. चांगला नकलाकार आधी चित्र उलटं करून घेतो. घाईतला घेत नाही. माणसांच्या चित्रात हे लगेच कळतं, कारण तलवार डाव्या हातात जाते, आशीर्वादाचा हात बदलतो. धातूच्या भांड्याचं मात्र अवघड. धुपाटणं दोन्ही बाजूंनी सारखंच असतं. तिथं साखळीकडे पाहावं, कारण त्या वस्तूत बेशिस्त काय ते तीच. तिची वेटोळी कोणत्या बाजूला आहेत, कोणती कडी कोणत्या कडीच्या वर आहे आणि सावली कुठं पडते, हे तपासलं की उलट-सुलट कळतं.

दुसरी गोष्ट जास्त खोलात जाते. मूळ कोरणारा वस्तू पाहून किंवा मनात धरून रेघ ओढतो. नकलाकार रेघ पाहून रेघ ओढतो. साखळीची एक कडी दुसरीच्या मागून जाते तिथं रेघ थांबायला हवी आणि पलीकडे नेमक्या त्याच वळणावर पुन्हा सुरू व्हायला हवी. नकलाकाराला कडी दिसत नसेल, नुसत्या रेघा दिसत असतील, तर तिथं तो चुकतो आणि साखळी तुटते किंवा गुंतते. चमकेचंही तसंच. मुद्राचित्रात चांदीची चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद. तिच्या दोन्ही बाजूंना रेघा एकदम दाट होतात म्हणून ती चमकते. नवख्या हाताला कोरी जागा रिकामी वाटते आणि तो तिथं चार रेघा जास्त घालतो. तेवढ्यानं चांदीचं धुपाटणं लाकडी दिसायला लागतं. धातुकामाची प्रत तपासायला म्हणूनच जास्त चांगली: चेहरा थोडा बदलला तर तो वेगळ्या माणसाचा होईल, धातू थोडा बदलला की तो धातूच राहत नाही.

नक्कल आणि फसवणूक ह्यांतली सीमा त्या काळी अक्षरांवर ठरत होती. इटलीच्या मार्कांतोनियो राइमोंदीनं १५०६च्या सुमारास ड्यूररची मेरीच्या जीवनावरची लाकडी ठशांची चित्रं तांब्यावर उतरवली, तीही ड्यूररच्या सहीच्या अक्षरांसकट. वासारी सांगतो, की ड्यूरर अशा नकलांसाठी व्हेनिसच्या सरकारपर्यंत गेला आणि त्याला एवढाच न्याय मिळाला, की मार्कांतोनियोनं ती अक्षरं वापरू नयेत. वासारीच्या गोष्टी जपून घ्याव्या लागतात. पण न्युरेनबर्गच्या नगरसभेची १५१२ची नोंद पक्की आहे. नगरभवनाशी कोणी परका ड्यूररच्या खोट्या सहीची चित्रं विकत होता, त्याला सही काढून टाक नाहीतर माल जप्त होईल असं बजावण्यात आलं. चित्र उतरवण्याला कोणाची हरकत नव्हती, हरकत होती ती नाव उतरवण्याला. त्याच्या आदल्याच वर्षी ड्यूररनं आपल्या चित्रग्रंथांच्या शेवटी परक्याच्या श्रमावर जगणाऱ्या चोरांना बादशहा माक्सिमिलियनच्या हुकुमाची आठवण करून दिली होती.

पुढच्या पिढ्यांसाठी उस्तादाचं चित्र उतरवणं ही परीक्षा झाली. अँटवर्पच्या यान व्हीरिक्सनं ड्यूररचं ‘घोडेस्वार, मृत्यू आणि सैतान’ हे चित्र १५६४ साली कोरलं तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, आणि अशा मुलांच्या प्रतींवर वय अभिमानानं कोरलेलं असे. ह्या परीक्षेला हिंदुस्थानातलाही एक मुलगा बसला होता. गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८०मध्ये अकबराच्या दरबारी पोचले, ते अँटवर्पला छापलेलं आठ खंडांचं सचित्र बायबल घेऊन. अशा वाटांनी युरोपची मुद्राचित्रं मुघल चित्रशाळेत आली. अबुल हसननं १६००च्या सुमारास, वयाच्या तेराव्या वर्षी, ड्यूररच्या १५११च्या चित्रातला संत जॉन रेखाटला. तो कागद आज ऑक्सफर्डला आहे. धातूची चमक पकडणारी रेघ ह्या मुलानं कपड्याच्या चुण्यांसाठी किती समजून वापरली आहे, ते पाहण्यासारखं आहे.

धातुकामाच्या प्रतींमध्ये सर्वांत मोलाचं काम मात्र प्रागच्या एका माणसानं केलं. त्याचं नाव वात्स्लाव होलार, जन्म १६०७चा. इंग्लंडच्या अरंडेल परगण्याचा जहागीरदार थॉमस हॉवर्ड राजाचा वकील म्हणून बादशहाकडे निघाला असताना १६३६मध्ये कोलोनला त्याला होलार भेटला आणि तो त्याला सोबत घेऊन लंडनला परतला. अरंडेलचा चित्रसंग्रह त्या काळी इंग्लंडमध्ये विख्यात होता, आणि होल्बाइनच्या रेखाटनांची त्याला विशेष ओढ होती. होलारनं तो संग्रह उतरवायला घेतला. त्याची पद्धत कोरणीची नव्हती, आम्लाची होती. पत्र्यावर मेणासारखा थर देऊन त्यावर सुईनं रेखाटायचं, पत्रा आम्लात बुडवायचा. सुईनं उघड्या पडलेल्या रेघा आम्ल खाऊन टाकतं. ही रीतही धातुकामातूनच आलेली आहे. चिलखतांवर नक्षी खाववणाऱ्या आउग्सबुर्गच्या डानिएल होप्फरनं १५००च्या सुमारास ती लोखंडी पत्र्यांवरून छपाईत आणली.

होलारनं १६४०मध्ये एका मोठ्या चषकाचं चित्र केलं, इटलीच्या मान्तेन्याचं म्हणून अरंडेलच्या संग्रहात असलेल्या रेखाटनावरून. मान्तेन्या १५०६ साली वारला होता. म्हणजे मधे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ गेला होता. होल्बाइनच्या आकृतींवरून होलारनं चषक, दागिने, कट्यारींच्या म्यानांची नक्षी असं पुष्कळ काम १६४०च्या दशकात केलं. तेवढ्यात इंग्लंडात यादवी पेटली. अरंडेल १६४२मध्ये देश सोडून गेला आणि १६४६ साली पाडुआत वारला. होलार १६४४मध्ये अँटवर्पला गेला. संग्रह हळूहळू विखुरला. त्या काळात दरबारी सोन्याचांदीला तर कोणी वालीच नव्हता. चषक नाहीत आणि ज्या रेखाटनांवरून ते घडले असते त्यांतलीही काही नाहीत, अशा ठिकाणी होलारची प्रत हाच पुरावा आहे. होलारनं आयुष्यात जवळपास २,७०० पत्रे केले आणि १६७७मध्ये तो लंडनला गरिबीत वारला. त्याच्या चित्रांवर बहुधा मूळ कोणाचं, कोणत्या संग्रहातलं आणि आपण कोणत्या साली केलं हे तिन्ही नमूद असतं. इतका प्रामाणिक नकलाकार मिळणं हे होल्बाइनचं भाग्यच म्हणावं लागेल.

एक फरक इथं लक्षात ठेवायला हवा. नंतर कोरलेली प्रत वेगळी आणि जुन्याच पत्र्यावरून नंतर काढलेला छाप वेगळा. होप्फर घराण्याचे लोखंडी पत्रे इतके टणक निघाले, की सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात न्युरेनबर्गच्या डाव्हिड फुंक ह्या पुस्तकविक्रेत्यानं ते मिळवून प्रत्येकावर आकडा कोरला आणि पुन्हा छापले. आज एखाद्या होप्फर छापावर आकडा दिसला, की तो फुंकच्या काळचा किंवा नंतरचा हे चटकन कळतं. ह्याच घराण्यातल्या हिएरोनिमुस होप्फरनं आल्टडोर्फर ह्या जर्मन चित्रकाराच्या चषकांच्या आकृतीही उतरवल्या होत्या. म्हणजे आल्टडोर्फरच्या धातुकामाच्या चित्राची प्रत, आणि त्या प्रतीचा दीडशे वर्षांनी निघालेला छाप, असा तिहेरी वारसा एकाच कागदावर असू शकतो.

एकोणिसाव्या शतकात फोटोग्राफीनं ह्यात नवी भर घातली. पॅरिसच्या शार्ल आमां-द्यूरां ह्या कोरणाऱ्यानं १८७०च्या दशकात जुन्या उस्तादांच्या चित्रांच्या प्रती काढल्या. फोटोच्या साहाय्यानं मूळ रेघा तांब्यावर खाववायच्या आणि मग हातानं त्या दुरुस्त करायच्या, अशी ही पद्धत होती. मजकूर पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या जॉर्ज द्युप्लेसीनं लिहिला. मूळ चित्र विकत घेणं ज्यांना कधीच शक्य नव्हतं अशा कलाशाळांपर्यंत, सोनारांच्या कारखान्यांपर्यंत आणि वाचकांपर्यंत ड्यूरर, शोनगाउअर आणि रेम्ब्राँट ह्या मार्गानं पोचले. फसवणूक होऊ नये म्हणून कागदाच्या मागं शिक्का मारलेला असे. पण चौकटीत बसवलेल्या चित्राची मागची बाजू कोणी पाहत नाही, आणि असे कागद अजूनही मूळ म्हणून बाजारात येतात.

घरातल्या जुन्या ट्रंकेत, परदेशातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा लिलावात असं धातुकामाचं चित्र कोणाच्या हाती आलं, तर आधी चौकट उघडून मागं पाहावं. मग कागद उजेडासमोर धरावा. जुन्या कागदात चाळणीच्या तारांच्या समांतर रेघा आणि बहुधा गिरणीचं जलचिन्ह दिसतं. अशा रेघा नसलेला सपाट विणीचा कागद युरोपात १७५०च्या दशकात आला. म्हणून त्यावरचा छाप पंधराव्या शतकातला असूच शकत नाही. भिंगातून रेघेची टोकं पाहावीत. कोरणीची रेघ टोकाला निमुळती होत संपते, आम्लाची बोथट संपते, आणि यांत्रिक छपाईत रेघ मोडून ठिपके दिसतात. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब बोटाला लागतो का तेही पाहावं, फक्त तेवढ्यावर विसंबू नये, कारण प्रतीलाही पत्राच वापरलेला असतो.

ह्यापुढचं काम सूचींचं. व्हिएन्नाच्या आडाम बार्चनं १८०३ ते १८२१ ह्या काळात मुद्राचित्रकारांची एकवीस खंडांची सूची केली. लेअर्सनं १९०८ ते १९३४ ह्या काळात फक्त पंधराव्या शतकातल्या जर्मन, नेदरलंडी आणि फ्रेंच कोरीव चित्रांसाठी नऊ खंड खर्ची घातले. दोघांनीही मूळ चित्राखाली त्याच्या प्रतींची नोंद केली आहे: कोणती उलटी, कोणती सुलटी, कोणत्या प्रतीत कुठली रेघ कमी. लेअर्सकडे तर कोणत्या संग्रहात कोणता छाप हेही सापडतं. ब्रिटिश म्युझियम, न्यू यॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी आपले छाप मोठ्या आकारात इंटरनेटवर सगळ्यांना मोफत दाखवतात. साताऱ्यात किंवा मडगावात बसूनही शोनगाउअरच्या धुपाटण्याची साखळी कडी-कडीनं तपासता येते, आणि हातातल्या प्रतीशी जुळवून तिचा कारागीर कुठं थबकला, कुठं चुकला आणि कुठं त्याला चांदी खरंच दिसली, ते शोधता येतं.